गाणं पाठवलंत, कान कुठे द्यायचा?

फोनवर एक दुवा येतो आणि त्याखाली दोन शब्द: ‘नक्की ऐक.’ आपण अंगठ्याचं चित्र पाठवतो आणि कामाला लागतो. चार दिवसांनी पाठवणारा विचारतो, ‘ऐकलंस का रे?’ आपण सांगतो, ‘हो, छान आहे.’ ऐकलेलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. आवडत्या गाण्यांची बरीचशी देवघेव हल्ली अशा निरुपद्रवी खोटेपणावर चाललेली आहे.

दोष बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या माथी मारला जातो. लोकांना धीर उरला नाही, नवं काही ऐकायचंच नसतं, वगैरे. मी मात्र पाठवणाऱ्याला धरीन, आणि त्यात पहिला मीच सापडेन. काही वर्षांपूर्वी एका मित्राने हौसेने विचारलं, ‘तुला काय काय आवडतं ते एकदा पाठव ना.’ मी दोन रात्री जागून पन्नास गाण्यांची यादी केली. ख्याल, ठुमरी, जॅझ, ब्लूज, थोडं हेवी मेटल, सिंफनीचे दोन-तीन तुकडे, कुठल्याशा बेटावरचं समूहगान. माझा कान किती चौफेर हिंडतो याचं ते प्रदर्शनच होतं. त्याचं उत्तर आलं, ‘बापरे!’ पुढे काही नाही. त्या यादीत पन्नास ठिकाणी मी होतो आणि तो एकाही ठिकाणी नव्हता, हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

समोरच्याच्या सवयीबाहेरचं गाणं द्यायचं असेल, तर कान कुठे द्यायचा तेही सोबत द्यावं लागतं, असं माझं म्हणणं आहे. एक वाक्य पुरतं. पण ते वाक्य त्या माणसासाठी, त्याच्या कानाला आधीपासून काय ओळखीचं आहे ते बघून जुळवलेलं असावं लागतं. हे काम आपण याद्यांवर आणि शिफारस करणाऱ्या यंत्रांवर सोपवून मोकळे झालो. म्हणून तर जगभरचं संगीत खिशात असूनही जो तो आपापल्या आळीतच फेऱ्या मारतो आहे.

एकेकाळी गाणं ही लपवायची वस्तू होती. हिंदुस्थानी संगीताच्या घराण्यांत अस्सल चीज, म्हणजे बंदिश, ही ठेवणीतली दौलत. ती पोटच्या मुलाला किंवा गंडाबंध शागिर्दाला मिळायची, इतरांना तिची झलक दाखवणंही जिवावर यायचं. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे उस्तादांची मनधरणी करत हिंडले, मिळतील त्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकल्या. रागांची वर्गवारी करणाऱ्या त्यांच्या थाटपद्धतीवरून आजही भांडणं होतात, होऊ देत. पण तिजोरीचं कुलूप त्यांनी काढलं, एवढं त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

हाच खेळ जगाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी निराळ्या सुरांत चालू होता. १९५० च्या दशकात जमैकात रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून नाच भरवणारे साउंड सिस्टिमवाले अमेरिकेतून रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आणत आणि त्यांवरचं नाव खरवडून टाकत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तेच गाणं मागवता येऊ नये. कॉक्सन डॉड यांनी विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवादकाच्या तबकडीचं स्वतःच्या नावावरून बारसं केलं आणि ती आपल्या साउंड सिस्टिमची निशाणी करून टाकली. पुढे १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिपहॉपचा पाया घालणारा डीजे कूल हर्क, तोही मूळचा जमैकाचाच, तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरची लेबलं सोडवून टाकी. घराण्यातला उस्ताद आणि ब्राँक्समधला डीजे एकमेकांच्या मैफलीत पाच मिनिटं टिकले नसते, पण एकमेकांची धास्ती त्यांना बरोबर कळली असती.

आज लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. नुसतं गुणगुणलं तरी फोन गाणं ओळखून दाखवतो. त्यामुळे गाण्याचं नाव सांगणं किंवा दुवा पाठवणं याला आता देणं म्हणणं कठीण आहे. गाणं समोरच्याकडे आधीच असतं. नसते ती त्याच्यात शिरायची वाट.

वस्तू जड होती तेव्हा ही वाट पुष्कळदा वस्तूसोबतच यायची. ‘अल्बम’ हा शब्दच बघा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. लांबलचक सिंफनी द्यायची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड बांधणीच्या वहीत घालून विकत. १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसू लागली, वहीची गरज संपली, नाव तेवढं राहिलं. शिवाय मोठ्या कव्हरच्या पाठीवर लिहायला ऐसपैस जागा मिळाली. जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या पाठीवरचा मजकूर त्यातल्याच पियानोवादकाने, बिल एव्हन्सने लिहिला. सुरुवातीला तो सुरांबद्दल बोलतच नाही. एका जपानी चित्रपद्धतीबद्दल सांगतो: ताणून बसवलेल्या पातळ चर्मपत्रावर कुंचला जरा अडखळला की रेघ बिघडते किंवा पत्र फाटतं, खोडायची सोय नाही. तेवढं वाचून सुई ठेवणारा माणूस त्या सुरांतला धोका ऐकायला तयार होऊनच बसे. कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं झालं तसा हा मजकूरही गेला. तो गेला याची कोणी फारशी हळहळही केली नाही.

कॅसेटची गोष्ट आणखी वेगळी. फिलिप्सने ती १९६३ साली आणली आणि साधा ऐकणाराही घरबसल्या सहज निवड करून भरू लागला. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटं लागायचीच, त्यातून सुटका नव्हती. एका बाजूच्या पंचेचाळीस मिनिटांत शेवटचं गाणं बसतंय का, की मध्येच तुटणार, याचा हिशेब कागदावर करावा लागे. भरताना सगळं स्वतःला ऐकावं लागे, आणि ज्याच्यासाठी भरतोय तो माणूस तेवढा वेळ डोळ्यांसमोर बसलेला असे. ‘इथे त्याला कंटाळा येईल’ असं वाटून मी गाणी बदललेली आहेत. पन्नास दुवे पाठवताना असा विचार एकदाही मनात आला नाही, कारण तेवढा वेळच गेला नाही.

नव्वद मिनिटांची सगळ्यात प्रसिद्ध भेट मात्र कॅसेटवर नव्हती. १९७७ साली नासाच्या दोन व्हॉयेजर अंतराळयानांवर, परग्रहावरच्या कोणाला सापडली तर ऐकावी म्हणून, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी चढवली गेली. तिच्यावर इतर आवाजांबरोबर २७ रचना आहेत, सगळ्या मिळून सुमारे नव्वद मिनिटांच्या. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखालच्या छोट्याशा समितीने त्या निवडल्या. त्यात बाख, बीथोव्हन आणि स्ट्राव्हिन्स्की आहेत, जावाचं गामेलान आहे, पेरूचं लग्नगीत आहे, लुई आर्मस्ट्राँग आहे आणि केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ही भैरवी सुचवली रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने, आणि तिची तबकडी मिळवायला समितीतल्या अ‍ॅन ड्रूयन यांना न्यूयॉर्कमध्ये बरीच शोधाशोध करावी लागली. (व्हॉयेजर-१ सुटलं त्याच महिन्यात, सप्टेंबर १९७७ मध्ये, केसरबाई गेल्या. ध्वनिमुद्रणाला एरवी नाक मुरडणाऱ्या बाईंचा आवाज सूर्यमालेबाहेर जावा, हा योग विचित्रच.) त्या यादीत चक बेरीचं रॉक अँड रोल घ्यायचं ठरलं तेव्हा लोकसंगीताचे थोर संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी आक्षेप घेतला, हे संगीत पौगंडावस्थेतलं आहे. सेगन म्हणाले, पृथ्वीवर पौगंडावस्थेतली माणसं पुष्कळ आहेत.

या साऱ्या प्रकरणातलं हे भांडण मला सगळ्यात आवडतं. प्रत्येक निवडीला एक धनी होता. त्याला ‘हे का?’ असं विचारता येत होतं आणि त्याला उत्तर द्यावं लागत होतं. लोमॅक्स चूक होते असं मला वाटतं, पण त्यांच्याशी भांडता येतं, आणि भांडता भांडता चक बेरीचं गाणं नीट ऐकलं जातं.

शिफारस करणाऱ्या यंत्राला धनी नाही. खोटं कशाला बोलू, त्याने मला चांगली गाणी दिलेली आहेत. स्पॉटिफाय २०१५ पासून दर सोमवारी तीस गाण्यांची ताजी यादी प्रत्येकाला स्वतंत्र करून देतं आणि त्यातलं एखादं कधी कधी खरंच काळजाला हात घालतं. पण त्यामागची रीत समजून घ्यावी. ज्यांनी हे ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, यावर तिचा मुख्य भार आहे. गाण्यात काय आहे हे ती थोडंफार बघते, तुम्ही ते का ऐकलंत हे तिला कधीच कळत नाही. मी एक भजन आईच्या आठवणीने लावलं, शेजाऱ्याने झोप येत नाही म्हणून लावलं, तिच्या लेखी दोघे सारखेच. आणि तिला भीती आहे ती तुमच्या अंगठ्याची, ‘पुढचं’ म्हणणाऱ्या. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं गेलं असं धरतात. विलंबित ख्यालात तीस सेकंदांत काय होतं? तानपुरा जुळलेला असतो आणि गायकाने फार तर एकदा षड्ज, म्हणजे सा, लावलेला असतो. या मापाने ख्याल म्हणजे निव्वळ उशीर. अंगठ्याला भिणारं यंत्र तुम्हाला शेजारच्या दारापर्यंत नेईल. भिंतीपलीकडे न्यायचं तर थोडा वेळ कंटाळा सोसायला लावावा लागतो, आणि ‘थांब, पुढे काहीतरी आहे’ हे भरवशाचं माणूसच म्हणू शकतं.

यंत्रासोबत आकडेही आले. गाण्याखाली लाखाचे, कोटीचे आकडे दिसतात आणि आपण म्हणतो, एवढ्या लोकांना आवडलं म्हणजे काहीतरी असणार. मॅथ्यू सल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित बँडची ४८ गाणी आणि १४ हजारांहून जास्त सहभागी. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं होतं, आणि त्यांना आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तेही दिसे. गाणी तीच होती, पण आठ जगांत क्रमवारी आठ तऱ्हांची लागली. एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, एवढाच दिलासा. मधल्या साऱ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही जणांनी काय उचललं त्यावर ठरलं. आपण ज्याला लोकांची आवड म्हणतो त्यातला बराच भाग लोकांनी एकमेकांकडे बघून केलेला असतो.

आता ‘मला सगळ्या प्रकारचं संगीत आवडतं’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. मीही कैक वर्षं हेच सांगत होतो. आधी फक्त शास्त्रीय ऐकणारा मोठा समजला जाई, आता चौफेर ऐकणारा समजला जातो. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांनी १९९० च्या दशकात अशा श्रोत्यांना ‘सर्वभक्षी’ म्हटलं. त्याच दशकात, १९९६ साली, बेथनी ब्रायसन यांनी अमेरिकेतल्या पाहणीच्या आधारे यातली मेख दाखवली. जास्त शिकलेल्या, उदार समजल्या जाणाऱ्या लोकांना खरोखरच जास्त प्रकारचं संगीत चालत होतं. न चालणारे प्रकार मोजके होते, आणि ते नेमके कमी शिकलेल्या लोकांचे लाडके: हेवी मेटल, रॅप, कंट्री, गॉस्पेल. थोडक्यात, सगळं आवडतं, तेवढं ते सोडून. ज्याला सगळं आवडतं त्याला मी आता विचारतो, तुला काय आवडत नाही? उत्तर चटकन आलं की गप्पा रंगतात. आलं नाही तर समजावं की स्वारी सगळीकडे फिरून आली आहे, मुक्कामाला कुठेच राहिलेली नाही.

आणि ज्यांच्या सीमा ओलांडल्याचा आपण अभिमान मिरवतो ते प्रकार तरी कोणी आखले? बरेचसे दुकानदारीने. अमेरिकेत १९२० च्या दशकात कंपन्या काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून विकत आणि गोऱ्या खेडुतांच्या ‘हिलबिली’ म्हणून. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या नियतकालिकाने पहिल्या यादीचं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं, यादी मात्र वेगळीच राहिली. पण १९३० साली ‘हिलबिली’ कप्प्यातला सगळ्यात मोठा गायक जिमी रॉजर्स गायला बसला तेव्हा साथीला ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग होता. कप्पे दुकानात होते, वाजवणारे एका खोलीत. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव तर १९८७ च्या जूनमध्ये लंडनच्या एका पबमध्ये बैठक घेऊन ठरलं. छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांची अडचण अशी की आफ्रिकेचं, बल्गेरियाचं, पाकिस्तानचं संगीत ठेवायला दुकानात कप्पाच नव्हता, म्हणून एक पाटी हवी होती. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या पाटीखाली केसरबाईंची भैरवी आणि बल्गेरियाचं डोंगरी गाणं शेजारी बसतात, ते केवळ दोन्ही इंग्रजीत नाहीत म्हणून. ही काही नात्याची गोष्ट झाली नाही.

खरी नाती सुरांत असतात, लयीत असतात, आणि कान द्यायची जागा तिथेच सापडते. मला जॅझ दिलं ते एका मित्राने. त्याने यादी दिली नाही, इतिहास सांगितला नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’मधला पहिलाच तुकडा, ‘सो व्हॉट’, लावून एवढंच म्हणाला, ‘बेस प्रश्न विचारतोय, बाकीचे दोन अक्षरांत उत्तर देतात. तेवढं ऐक.’ ते ऐकू आलं आणि पुढची नऊ मिनिटं मी जागचा हललो नाही. पुढे कधीतरी ध्यानात आलं की हे तर काफी थाटाचे स्वर: गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. पाश्चात्त्य लोक याला डोरियन म्हणतात. सोळा बार (चार-चार मात्रांचे तुकडे) एका षड्जावर, मग आठ बार सगळं तेच, फक्त षड्ज अर्ध्या स्वराने वर, आणि शेवटी आठ बार परत खाली. ख्याल ऐकणाऱ्याला मी आता हा तुकडा देतो तेव्हा बेसबद्दल बोलत नाही. त्याला सांगतो, ‘षड्ज कुठे सरकतो ते पकड.’ षड्ज सरकतो या कल्पनेनेच तो आधी चिडतो. चिडला की ऐकतो.

उलट दिशेने जायचं तर किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. रॉक ऐकणाऱ्या एका मुलीला मी सांगितलं, यात फक्त पाच सूर आहेत, सा रे ग प ध, आणि हे पाचही तुला माहीत आहेत. कारण हेच पाच सूर स्कॉटलंडच्या, चीनच्या लोकगीतांत सापडतात, आणि गिटार शिकणाऱ्याची बोटं ज्या पहिल्या स्वरपंक्तींवर बसवतात त्यात हे असतंच. ‘सहाव्या सुराची वाट बघ, तो येणार नाही.’ ती वाट बघत राहिली. नंतर म्हणाली की मध्यमाच्या जागेवरून आवाज जातो तेव्हा दर वेळी वाटतं आता थांबेल. भूपाबद्दल एवढं चांगलं निरीक्षण मी जाणकारांकडूनही फारसं ऐकलेलं नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीतातली लांबच लांब गुंजनं ऐकणाऱ्याला मी कुठल्याही रागाआधी नुसता तानपुरा देतो. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कोणी छेडलेला नसतो. तो सापडेपर्यंत गायकाची घाई नको. ठुमरीच्या माणसाला ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ सालचं ‘डार्क वॉज द नाइट’ द्यावं. त्यात शब्द नाहीत, कण्हणं आहे आणि तारेवरची घसरण आहे, आणि मींड कशाला म्हणतात हे त्याला समजवायची गरज नसते. (हेही व्हॉयेजरवर आहे.) बाखचा फ्यूग देताना फक्त म्हणायचं, मुखडा किती वेळा येतो ते मोज, दर वेळी तो वेगळ्या मजल्यावरून येईल. परक्या भाषेतलं रॅप असेल तर अर्थ सोडून दे, यमक मात्रेच्या आधी पडतंय की नंतर तेवढं बघ.

हेवी मेटल सगळ्यात अवघड. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमचं (१९७०) पहिलं गाणं उघडतं ते तीन सुरांवर: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात तुटली होती. प्लॅस्टिकच्या टोप्या करून तो वाजवू लागला, हलक्या तारा वापरल्या, पुढे त्या सैल सोडल्या, आणि त्या जड आवाजाला त्याचाही हातभार लागला. पण ही गोष्ट मी ख्यालवाल्याला सांगत नाही. गोष्टीने दया येते, कान उघडत नाही. त्याला सांगायचं, तीव्र मध्यमावर किती वेळ थांबलेत बघ, सोडवायची घाईच नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. गाणं स्वतः बोलतं, तुम्ही मध्ये कशाला? आधी सांगितलं की माणूस तेच ऐकतो जे सांगितलं, बाकीचं निसटतं. खरं आहे. माझ्या मित्राने बेस दाखवला म्हणून कित्येक दिवस मला त्यातला पियानो ऐकूच आला नाही. तरी मी हा तोटा पत्करतो, कारण न सांगता मिळालेलं तेच संगीत मी त्याआधी दोनदा अर्ध्यात बंद केलं होतं. ओळखीच्या प्रकारातलं गाणं बिनशब्दाचं द्यावं, तिथे कानाला रस्ता पाठ असतो. अनोळखी मुलखात मात्र ‘गाणं स्वतः बोलतं’ हे बहुतेक वेळा ज्यांना ती भाषा आधीच येते तेच म्हणतात. आणि एका वाक्याच्या पुढे गेलात तर ते व्याख्यान होतं, हेही कबूल. मी स्वतः पुष्कळदा जातो.

हे सगळं दोन माणसांमधलं झालं, मग हा सार्वजनिक प्रश्न कसा? कारण आपण जिथून ऐकतो ते चौक आता मोजक्या कंपन्यांचे आहेत आणि त्यांची रचना याच्या विरुद्ध आहे. निदान तीन गोष्टी मागता येतील, आणि त्या अशक्य नाहीत. आकडे मागितल्याशिवाय दाखवू नका, वरच्या प्रयोगानंतर याची वेगळी कारणं द्यायला नकोत. वादक, कवी, संगीतकार, ध्वनिमुद्रण करणारे, सगळ्यांची नावं आणि साल गाण्यासोबत समोरच असू द्या, तीन वेळा बोट दाबल्यावर नव्हे. सारंगी आवडली तर सारंगियाच्या नावावरून दुसऱ्या प्रकारात जाता यावं, जिमी रॉजर्सवरून आर्मस्ट्राँगकडे जाता येतं तसं. आणि अल्बम ज्या क्रमाने केला त्या क्रमाने वाजू द्या. हे तर घडलेलंच आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर गाणी उलटसुलट वाजवणारं बटण ठळक ठेवायची पद्धत बदलली. एका गायिकेच्या शब्दाने जे हलतं ते दगडावरची रेघ नव्हे. अर्थात अडेलच्या शब्दाला जे वजन आहे ते तुमच्या-माझ्या शब्दाला नाही, म्हणून तर हे चारचौघांत बोलायचं.

वाक्य मात्र कंपनी लिहून देणार नाही. देऊही नये. यंत्र आता असलं वाक्य सफाईने लिहील, पण ते खोटं ठरलं तर कान कोणाचा पकडणार?

गेल्या महिन्यात मी ख्यालाच्या नादी लागलेल्या एका जुन्या स्नेह्यांना ते ब्लॅक सॅबथचं गाणं पाठवलं, खाली लिहिलं, ‘तीव्र मध्यमावर लक्ष ठेवा.’ त्यांनी संपूर्ण ऐकलं, सहा मिनिटांहून जास्त. मग फोन. ‘अहो, तीव्र मध्यम लावला, घाबरवलं, ठीक. पण पुढे त्याचं काहीच केलं नाही की!’ मी म्हटलं, तेच तर त्यांचं म्हणणं आहे. ते म्हणाले, हे म्हणणं नव्हे, हा आळस. वीस मिनिटं वाद झाला आणि मिटला नाही. रात्री त्यांचा निरोप आला. अमीर खाँसाहेबांचा मारवा, आणि खाली एक ओळ: ‘खरं भय इथे आहे. षड्ज किती वेळ टाळतात ते मोजा.’

दोनदा बसलो मोजायला. दोन्ही वेळा मध्येच मोजणं विसरलो, आता उद्या परत.